अंगणभर खडू: सावल्या, ठिकरी आणि पंचेचाळीस मीटरची सूर्यमाला

रंगीत खडूंचा डबा घेऊन मुलांना खाली उतरवलं की पहिली दहा मिनिटं हमखास एकच गोष्ट होते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून येणारी नदी, काठावर नारळाचं झाड आणि कौलारू घर. चित्र संपतं, हात झटकले जातात आणि प्रश्न येतो, "आता काय?" बहुतेक घरांत खडूचा डबा इथेच माळ्यावर जातो.

चूक मुलांची नसते. आपण जमिनीला मोठा कागद समजतो आणि कागदावर जे काढतात तेच काढायला सांगतो. पण जमिनीवर ऊन पडतं, पाणी साचतं, मुंग्या चालतात, तिच्यावर झोपता येतं, लंगडी घालता येते. कागदाला यातलं काहीच जमत नाही. आमच्या सोसायटीतल्या आठ-दहा मुलांबरोबर गेली काही वर्षं रविवारच्या सकाळी हा उद्योग चालू आहे. त्यातून जे टिकलं ते पुढे क्रमाने देते.

आधी जमीन बघा

खडू उठतो की नाही हे खडूपेक्षा जमिनीवर जास्त अवलंबून असतं. घोटलेला सिमेंटचा कोबा सगळ्यांत उत्तम. शहाबादी फरशी तर जवळजवळ पाटीच: गडद, सपाट, थोडी खरखरीत, आणि पांढरा खडू तिच्यावर झकास दिसतो. जुन्या वाड्याच्या किंवा गावच्या घराच्या अंगणात ती असेल तर नशीबवान आहात. पेव्हर ब्लॉकवर मोठे आकार जमतात, पण फटींत खडू अडकतो आणि बारीक काम फसतं. डांबरावर रंग खुलतात, मात्र खडू भराभर झिजतो. चकचकीत टाइल्सवर खडू नुसता घसरतो, तिथे वेळ घालवू नका. शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात खडू विसरा आणि काडी घ्या. पुढचे बहुतेक खेळ काडीने मातीवर ओरखडूनही होतात.

जागा ठरवताना दोन गोष्टी बघा. गाड्या वळतात तिथे बसायचं नाही. रेघा मारणारं मूल खाली वाकलेलं असतं आणि रिव्हर्स घेणाऱ्या ड्रायव्हरला ते दिसत नाही. दुसरं म्हणजे ऊन. मार्च ते मे या काळात सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरच बाहेर पडा. मधल्या वेळेत कोबा इतका तापतो की तळहात टेकवत नाही. तुमचा हात पाच सेकंद टेकला, तर मुलाला बसू द्या.

सोसायटीत आधी विचारून ठेवलेलं बरं. आम्ही विचारलं नव्हतं. तिसऱ्याच रविवारी "आवार विद्रूप केल्याबद्दल" नोटीस लागली. मग मुलांनीच अर्ज लिहिला आणि जिन्यामागची पट्टी मिळाली. आज नोटीस लावणारे काका तिथे उभे राहून सूचना करतात.

खडू कोणता घ्यावा

फळ्याचा साधा खडू हाताशी असतो, पण जमिनीवर लगेच मोडतो आणि पाच मिनिटांत संपतो. लहान मुलांसाठी जाड खडू घ्या, अंगठ्यापेक्षा जाड. मुठीत धरता येतो आणि तोंडात जाईल एवढा तुकडाही लवकर पडत नाही. पाच-सहा मुलांना वीस जाड खडू दोन रविवार पुरतात. त्यात पांढरे निम्मे असू द्या. मुलं गुलाबी-निळा मागतात, पण मोजमापाच्या आणि सावलीच्या सगळ्या रेघा पांढऱ्यानेच नीट दिसतात.

खडू सगळे एकाच पदार्थाचे नसतात. काही जिप्समचे, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या जातीचे, काही चुनखडीचे. घरातल्या खडूचा एक तुकडा व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे फसफसले तर चुनखडीचा, गप्प पडून राहिला तर जिप्समचा. मुलांना हा तपास फार आवडतो. फक्त तो वाटीत करा, शहाबादीवर नाही. तो दगडही चुनखडीचाच, त्याच्यावर व्हिनेगर सांडलं तर डाग कायमचा बसतो.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे. मुंग्या-झुरळं मारायचा खडू दिसायला हुबेहूब पांढऱ्या खडूसारखाच असतो आणि तो विषारी कीटकनाशकाचा असतो. तो घरात असेल तर मुलांच्या डब्याजवळही ठेवू नका. सुटा पडलेला, कुठून आला ते माहीत नसलेला पांढरा खडू मुलांच्या हाती देऊ नका.

ज्या मुलांना दम्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी खडू पाण्यात बुडवून वापरा. धूळ उडत नाही. शिवाय ओल्या खडूचा रंग दाट, जवळजवळ तैलरंगासारखा उमटतो. कोरडा खडू पाण्यात टाकल्याबरोबर त्यातून बुडबुडे येतात, ती आतल्या छिद्रांमधली हवा. "खडू श्वास घेतोय" असं आमच्याकडची एक चिमुरडी म्हणाली होती, आणि ती फारशी चुकलेली नव्हती.

सुरुवात: तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी

यांना आधी खडू देऊच नका. रंगकामाचा जुना ब्रश आणि बादलीत चार बोटं पाणी द्या. पाण्याने कोरड्या कोब्यावर काढलेलं चित्र डोळ्यांदेखत वाळून नाहीसं होतं, आणि "कुठे गेलं?" हा प्रश्न आपण न विचारता येतो. त्यानंतर खडू. मुलाला जमिनीवर पाठ टेकवून झोपवा आणि भोवतीने रेघ मारा. मग नाक-डोळे, बटणं, आत हृदय, पोटात सकाळी खाल्लेले पोहे, काय हवं ते त्याला भरू द्या. बाबांची आकृती शेजारी काढली की मोजणी आपोआप सुरू होते.

मोठ्यांना एकच विनंती: त्यांच्या हातातून खडू घेऊन "अगं, हत्ती असा काढतात" करू नका. आपण एकदा सुबक हत्ती काढला की पुढची पंधरा मिनिटं फक्त "आता वाघ काढून दे" ऐकावं लागतं.

सावली पकडणं

सगळ्यांत जास्त वेळ मी याला देते. हिवाळ्यातला सुट्टीचा दिवस निवडा, ऊन कोवळं असतं आणि सावल्या लांब.

एक. मुलाला उभं करून पावलांभोवती रेघ मारा. ही त्याची जागा. दिवसभर याच ठशांवर पाय ठेवायचे. दोन. सकाळी नऊला दुसऱ्या मुलाने त्याच्या सावलीची कड पांढऱ्या खडूने गिरवायची आणि आत वेळ लिहायची. तीन. दर तासाला वेगळ्या रंगाने हेच. चार. पुढची सावली कुठे येईल ते प्रत्येकाने आधी खूण करून सांगायचं. हा चौथा भाग गाळू नका. नुसतं गिरवणं म्हणजे चित्र. आधी अंदाज करून मग बघणं हा खरा खेळ. पहिल्या तासाला निम्मी मुलं सावली सूर्याच्या दिशेने सरकेल असं ठासून सांगतात.

दुपारपर्यंत एक पंखा तयार होतो. मग विचारा, सर्वांत आखूड सावली किती वाजता? सगळे म्हणतील बारा. पुण्या-मुंबईत ती बाराला नसते, डिसेंबरच्या शेवटी साडेबाराच्या नंतर असते. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं उशीर. पुणे साधारण पावणेनऊ अंश मागे, म्हणजे जवळजवळ पस्तीस मिनिटं. वर्षभरात त्यात थोडी कमी-जास्त होते. नागपूरकरांचा उशीर जेमतेम चौदा मिनिटांचा. चौथीच्या पुढच्या मुलांना हा हिशेब जमतो.

पुण्यात २२ डिसेंबरच्या आसपास या वेळी १०० सेंटिमीटरच्या काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते. मापून बघा. ती रेघ टिकणार नाही, म्हणून भिंतीच्या कडेला पायरीवर तैलरंगाची छोटी खूण करून ठेवता आली तर मे महिन्यात मजा येते. तेव्हा ती सावली नाहीशीच होते. महाराष्ट्र आणि गोवा पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये, पण तेव्हा ढग दिसतात, सूर्य नाही. त्या दिवशी पुण्या-मुंबईत साडेबाराच्या सुमाराला, नागपुरात बारा-दहाच्या आसपास, स्टीलचा उभट डबा सपाट जागेवर ठेवा आणि त्याच्या तळाभोवती खडूचं वर्तुळ काढा. सावली वर्तुळात मिटत जाते, दोन-तीन मिनिटं कुठेच नसते, मग दुसऱ्या बाजूने डोकावते. जमीन तव्यासारखी तापलेली असते. चपला, टोप्या घालून दहा मिनिटांत काम उरकून घरी यायचं.

मोठ्या मुलांसाठी याचीच पुढची पायरी म्हणजे दिशा शोधणं. कात्यायन शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्याआधी शंकू, म्हणजे खुंटी, रोवून पूर्व-पश्चिम रेषा काढायची जी रीत आहे, ती खडूने जशीच्या तशी करता येते. वाळू भरलेल्या छोट्या डब्यात सरळ काठी खोचा; जमिनीपासून टोकापर्यंत ४० सेंटिमीटर उंची धरा. आधी ६० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि डबा असा ठेवा की काठी मध्यबिंदूच्या बरोबर वर येईल. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाबाहेर असतं आणि आत सरकत येतं. ते रेघेला शिवतं तिथे खूण. दुपारी ते पुन्हा बाहेर पडतं, तिथे दुसरी खूण. दोन्ही जोडा: ही पूर्व-पश्चिम. हिवाळ्यात या मापाला पहिली खूण साधारण दहाला आणि दुसरी तीनला येते, त्यामुळे मधे जेवायला सुट्टी. फोनमधल्या होकायंत्राशी ताडून बघा. आमची रेघ आणि फोन यांचं एकदा जमलं नाही, तेव्हा फोन लोखंडी फाटकाजवळ धरला होता.

दोरीचा खेळ, आणि ठिकरी

सुतळी आणली की खडूला भूमिती येते. सुतळीच्या एका टोकाला खडू बांधा, दुसरं टोक एका मुलाने जमिनीवर अंगठ्याने दाबून धरायचं, दुसऱ्याने सुतळी ताणून फिरायचं. वर्तुळ बिघडलं तर दोघांपैकी कुणामुळे बिघडलं यावर भांडण ठरलेलंच. आता सुतळीची दोन्ही टोकं बांधून फास करा, दोन भरलेल्या बाटल्या हातभर अंतरावर ठेवून तो फास त्यांच्याभोवती सैल टाका आणि आतून खडूने ताणत फिरा. अंडाकृती येते. बाटल्या जवळ आणल्या की ती गोल होत जाते.

काटकोनासाठी एकाच मुलाच्या वितीने सारख्या अंतरावर तेरा गाठी मारा. पहिली आणि तेरावी गाठ एकाच्या हातात, चौथी दुसऱ्याच्या, आठवी तिसऱ्याच्या. सगळ्यांनी ताणलं की चौथ्या गाठीपाशी नेमका काटकोन. तीन, चार, पाच. पायथागोरसचं नाव घेऊ नका, ते शाळेत येईलच.

या काटकोनाचा लगेच उपयोग आहे, कारण वाकड्या घरांवर ठिकरी खेळताना रोज वाद होतात. कुठे याला जिबली म्हणतात, विदर्भात बिल्लस. नियमही गल्लीगणिक बदलतात, म्हणून मी सांगत नाही, आजीला विचारा. आखणीचं मात्र सांगते. प्रत्येक घर मुलाच्या पावलाच्या दुप्पट लांब. सहा वर्षांच्या मुलाला साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर पुरतं. रेघा दोनदा ओढा, नाहीतर चौथ्या डावाला पुसल्या जातात. ठिकरी कौलाचीच उत्तम. कौल मिळत नाही म्हणून फुटकी टाइल घेतलीत तर तिच्या कडा दगडावर घासून बोथट करा. आणि मग अंक काढून टाका. घरांमध्ये बे चे पाढे, जोडाक्षरं, पक्ष्यांची नावं, काहीही लिहिता येतं. आमच्याकडे मुलांनी एकदा स्वयंपाकघरातले डबे लिहिले होते. "हळद" वर पाय पडला की बाद.

पंचेचाळीस मीटरची सूर्यमाला

लांब मोकळी पट्टी असेल तर हे एकदा कराच. प्रमाण सोपं: एक कोटी किलोमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर. एका टोकाला सूर्याचा ठिपका. या प्रमाणात सूर्य फक्त १.४ सेंटिमीटरचा, मोठ्या वाटाण्यापेक्षा जरासा मोठा. तिथून टेपने मोजत बुध ५८ सेंटिमीटरवर, शुक्र १ मीटर ८ सेंटिमीटरवर, पृथ्वी दीड मीटरवर, मंगळ सव्वादोनला थोडा पुढे. इथपर्यंत सगळे एका ठिकाणी उभे असतात आणि मुलांना वाटतं झालं. मग गुरू जवळजवळ ७.८ मीटरवर, शनी १४.३, युरेनस २८.७ आणि नेपच्यून ४५ मीटरवर. नेपच्यूनवाला पोरगा फाटकापाशी उभा राहून ओरडत असतो आणि इकडे सूर्यवाल्याला काही ऐकू येत नाही.

खरी गंमत पृथ्वी काढताना. या प्रमाणात ती ०.१३ मिलिमीटरची. खडूने एवढा बारीक ठिपका काढताच येत नाही. खडूच्या धुळीचा एखादा कण ठेवायचा. गुरू दीड मिलिमीटरच्या आत. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ग्रह माळेतल्या मण्यांसारखे का दिसतात, यावर मुलं स्वतःच बोलायला लागतात.

पाणी, पानं, मुंग्या

पाऊस थांबल्यावर साचलेल्या डबक्याच्या कडेने खडूने रेघ मारा, अर्ध्या तासाने पुन्हा, मग पुन्हा. नकाशातल्या उंचीच्या रेषा वाटाव्यात अशी वलयं उमटतात. सर्वांत आतलं वलय म्हणजे जमिनीचा सर्वांत खोल भाग. ओल्या जमिनीवर खडू लगदा होतो, म्हणून बाहेरची कड जरा सुकू द्या.

मुंग्यांच्या रांगेवर आडवी खडूची रेघ मारली की रांग थबकते. मुंग्या वासाच्या मागावर चालतात आणि तो माग रेघेखाली झाकला जातो. किती वेळाने पहिली मुंगी पलीकडे जाते ते मोजायचं, वळसे घालणाऱ्या मुंग्यांचा मार्ग दुसऱ्या रंगाने आखायचा. लाल मुंग्यांवर हा प्रयोग करू नका, आणि मुंग्यांवर थेट खडूची भुकटी टाकायची नाही हा नियम आधीच ठरवून घ्या.

गळलेली पानं खाली ठेवून भोवतीने गिरवणं सगळ्यांना येतं. पिंपळाच्या पानाची शेपटी आणि आपट्याच्या पानाची मधली खाच गिरवताना जशी लक्षात राहते तशी नुसती बघून राहत नाही.

खडू घरी करायचा असेल तर

दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस, एक वाटी पाणी, दोन-तीन चमचे पोस्टर कलर. रंग पाण्यात आधी मिसळा आणि पाण्यात पावडर थोडी थोडी टाकत ढवळा. उलटं केलंत तर गुठळ्या होतात. फॉइलच्या रोलची पुठ्ठ्याची नळी अर्धी कापून खालून चिकटपट्टीने बंद करा, आत बटर पेपरची गुंडाळी सरकवा, मिश्रण ओता आणि नळी हलकेच आपटा म्हणजे हवा निघते. अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं, पण वापरण्याआधी दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. पावसाळ्यात हा खटाटोप करू नका, खडू वाळत नाहीत आणि मऊच राहतात.

ढवळण्याचं काम मोठ्यांनी तोंडाला मास्क लावून करायचं. घट्ट होताना मिश्रण चांगलंच तापतं. हाताचा ठसा घ्यायचा म्हणून मुलाचा हात त्यात कधीही बुडवू नका, गंभीर भाजतं. आणि भांडं सिंकमध्ये धुऊ नका. उरलेलं मिश्रण भांड्यातच घट्ट होऊ द्या, खरवडून कचऱ्यात टाका. पाइपमध्ये ते दगड होऊन बसतं, आणि प्लंबरचं बिल खडूच्या दहा डब्यांपेक्षा जास्त येतं, हे मी अनुभवाने सांगते.

आवरणं

आधी खराटा, पाणी नंतर आणि तेही अर्धी बादली. थेट पाइप लावला तर रंग पेव्हरच्या छिद्रांत शिरतो आणि गुलाबी डाग आठवडाभर राहतो. निळा आणि गुलाबी हे दोन चिवट, आधी एका कोपऱ्यात करून बघा. कपडे मात्र भिजवण्याआधी कोरडेच झटका. भिंतीच्या डिस्टेंपरवरून खडू पूर्ण निघत नाही, आणि गाडीवर तर रेघ मारायचीच नाही, रंगावर ओरखडे येतात.

बोटात धरता येत नाहीत असे तुकडे एका बरणीत साठवा. बरणी भरली की स्वयंपाकातला नव्हे अशा खलबत्त्यात कुटा, पाणी घालून भज्यांच्या पिठाइतकं दाट करा आणि मुलांना जुने ब्रश द्या. दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे हाच रंग ठिपक्यांच्या रांगोळीत भरला जातो. ठिपके मुलांनी सुतळीच्या गाठींनी मोजून काढलेले असतात, त्यामुळे ते वाकडे असले तरी सारख्या अंतरावर वाकडे असतात.